फोर बाय फोर लागत नाही? ट्रान्सफर केस खोलायच्या आधी ती रबरी नळी पाहा

पावसाळा लागला की नागपूरकडच्या काटोल, कळमेश्वर, उमरेड साइडच्या पिकअपवाल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते, "भाऊ, फोर बाय फोर लागूनच नाही राहिला," म्हणजे चारही चाकांना ताकद मिळत नाही. आणि त्यावर तितकंच हमखास उत्तर मिळतं, "ट्रान्सफर केस गेली, खोलावी लागते." हे उत्तर ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटून देणारा गिअरचा डबा, हा गाडीतला सगळ्यात दणकट डब्यांपैकी एक, तो उगाच जात नाही, आणि बिघाड बरेचदा त्याच्यापासून हातभर लांब, चार-पाच मिलिमीटरच्या एका रबरी नळीत असतो.

आधी थोडक्यात रचना. व्ही-क्रॉस, हायलक्स यांसारख्या पिकअपमध्ये टू-एच, फोर-एच, फोर-एल असे तीन पर्याय असतात. टू-एचमध्ये ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. फोर-एच लावलं की ट्रान्सफर केस समोरच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टलाही फिरवायला लागते. फोर-एल म्हणजे तेच पण कमी गिअरमध्ये, वेग कमी जोर जास्त. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण शाफ्ट फिरला म्हणजे चाकाला ताकद पोचली असं नाही, कारण बऱ्याच गाड्यांत समोरच्या एक्सलमध्ये आणखी एक जोड असतो. टू-एचमध्ये चालताना समोरचा शाफ्ट आणि डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) उगाच फिरून डिझेल खाऊ नये म्हणून एक्सलचा एक भाग तिथे सुटा केलेला असतो, आणि फोर-एच लावल्यावर दात्यांची एक स्लीव्ह, म्हणजे कडी, सरकून तो परत जोडते.

ही स्लीव्ह सरकवतो कोण? काही गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर, काहींत चाकाच्या हबमध्येच व्यवस्था असते, पण पुष्कळ गाड्यांत हे काम व्हॅक्यूम करतो, आणि माझा जीव अडकलाय तो इथेच.

लोक म्हणतात व्हॅक्यूम ओढतो. नाही ओढत. व्हॅक्यूम म्हणजे तिथे हवा कमी आहे एवढंच, जे नाहीच ते काय ओढणार? ढकलते ती बाहेरची हवा. टोरिचेल्लीने १६४३ मध्ये पाऱ्याची नळी उलटी धरून दाखवलं की आपल्या डोक्यावरची हवा साधारण ७६० मिलिमीटर पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजन. स्ट्रॉने उसाचा रस पिताना हेच होतं, तोंडातली हवा आपण कमी करतो आणि ग्लासातल्या रसावर दाबणारी हवा त्याला वर ढकलते.

आता गाडीत या. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा हवा अडवून धरणारा थ्रॉटल नसतो, त्यामुळे फुकटचा व्हॅक्यूम मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. तिथून नळी निघते, सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून, म्हणजे विजेवर उघडबंद होणाऱ्या झडपेतून, जाते आणि एक्सलजवळच्या एका चपट्या डबीला लागते. डबीत रबरी पडदा, त्याला डायफ्राम म्हणतात, आणि पडद्याला जोडलेली सळई. पडद्याच्या एका बाजूची हवा पंपाने काढली की दुसऱ्या बाजूची हवा पडदा ढकलते, सळई सरकते, सळईबरोबर फोर्क, म्हणजे स्लीव्हला धरणारा काटा, फोर्कबरोबर स्लीव्ह. परत आणायला काही ठिकाणी स्प्रिंग असते, काही ठिकाणी दुसऱ्या बाजूलाही नळी.

जोर किती लागतो ते काढून पाहू. समजा पडदा ७ सेंटिमीटर व्यासाचा आहे, क्षेत्रफळ झालं साडेअडतीस चौरस सेंटिमीटर. पंपाने ५०० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब कमी केला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.६८ किलोचा फरक पडतो, म्हणजे एकूण साधारण २६ किलोचा धक्का! एवढ्याशा डबीतून, तेही नुसत्या हवेने. आता नळीला बारीक चीर गेली आणि फरक १५० मिलिमीटरवरच अडकला असं धरा, तर हाच धक्का आठ किलोच्याही खाली येतो, आणि समोर त्याला विरोध करणारी स्प्रिंग दहा किलोची असली तर स्लीव्ह जागची हलणार नाही, मग तुम्ही स्विच कितीही फिरवा. आणखी एक गंमत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर असलेल्या नागपुरात हवेचा दाब फार कमी होत नाही, पण लेहला साडेतीन हजार मीटरवर तो दोन तृतीयांशच उरतो, म्हणजे ढकलणारी हवाच कमी, त्यामुळे इथे कसंबसं काम भागवणारी गळकी नळी तिथे पार हात टेकते.

ही चीर पडते कशी ते मी काटोलला मामेभावाच्या पिकअपवर जवळून पाहिलं आहे. संत्र्याच्या बगीच्यात जाणारी गाडी, मृगाच्या पावसात पहिल्यांदा फोर-एचची गरज पडली आणि डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा लाइट नुसता लुकलुकत राहिला. नळी वरून एकदम ठीक दिसत होती, पण डबीच्या तोंडावर जिथे ती चढवलेली असते तिथे वाकवल्यावर रबर उघडलं आणि आत राखाडी कोरडी भेग. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांच्या पुढे पारा जातो, त्यात बोनेटखालची गरमी, असे काही उन्हाळे काढले की रबर कडक होतं आणि ताणाच्या जागी फाटतं. शेवटचा इंचभर तुकडा कापून नळी परत चढवली, काम झालं. त्याच गाडीला दोन दिवस आधी नवीन लिंबू-मिरची बांधून झाली होती, कुणीतरी नजर लागली म्हणून सांगितलेलं. यंत्राला नजर लागत नाही हो, बिघाडाला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, त्या मिरच्या जेवणात वापरा.

लुकलुकणाऱ्या लाइटबद्दल गैरसमज खूप आहे. लुकलुकणं म्हणजे बिघाडच असं नाही, त्याचा अर्थ हुकूम गेला आहे पण जोड लागल्याची खबर तिथल्या छोट्या स्विचकडून अजून आली नाही. दाते समोरासमोर आले तर स्लीव्ह घुसू शकत नाही, ती दाबून वाट पाहते, गाडी जरा पुढे-मागे सरळ सरकवली की दाता खाचेत बसतो आणि लाइट स्थिर होतो. सरकवूनही लुकलुकतच राहिला तर मग शोधायला लागा.

शोधायची माझी आवडती पद्धत पैसे न लागणारी आहे. समोरच्या शाफ्टवर खडूने एक रेघ मारा, गाडी ओल्या काळ्या मातीत न्या, फोर-एच लावा आणि हळूच क्लच सोडा, मागची चाकं जागच्या जागी घसरू लागतील एवढंच. दुसऱ्याने बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहून पाहायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे अजिबात नाही. शाफ्टची रेघ फिरतेय पण समोरची दोन्ही चाकं ढिम्म, तर ट्रान्सफर केस ठणठणीत आहे, दोष एक्सलच्या जोडात. शाफ्टही फिरत नाही, तर मात्र ट्रान्सफर केसकडे वळा, पण तिथेही आधी फ्यूज, बॅटरीचा व्होल्टेज, शिफ्ट मोटरचा (ट्रान्सफर केसमधला जोड बदलणाऱ्या मोटरचा) कनेक्टर, त्याच्या पिना पाण्याने हिरव्या पडल्यात का हे पाहायचं, खोलणं सगळ्यात शेवटी.

दोष एक्सलकडे निघाला तर गाडी बाहेर काढून सपाट जागी न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावून उभी करा, इंजिन चालू ठेवा, फोर-एच लावा, डबीची नळी काढून बोट लावा. बोट चिकटलं तर व्हॅक्यूम पोचतोय, मग पडदा फाटलेला असेल किंवा फोर्क गंजून जाम झाला असेल, वर्षभर फोर बाय फोर लावलंच नाही तर हे होतं. नाही चिकटलं तर मागे मागे जा, सोलेनॉइडच्या आधी व्हॅक्यूम आहे आणि नंतर नाही तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर, आधीच नाही तर नळी किंवा पंप.

एक मात्र करू नका, हे सगळं नागपूरच्या सिमेंट रोडवर तपासू नका. वळताना समोरची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तो फरक सोसणारं डिफरन्शियल नसतं, मातीत चाक थोडं घसरून हिशोब पूर्ण होतो, कोरड्या सिमेंटवर ते होत नाही, सगळा पीळ दात्यांवर येतो आणि मग फोर-एच निघतच नाही. तसं झालंच तर गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

आणि पंपच कमजोर निघाला, तर फोर बाय फोर बाजूला ठेवा. ब्रेक बूस्टर, म्हणजे पेडल दाबायला मदत करणारा डबाही बहुतेक डिझेल गाड्यांत त्याच पंपावर चालतो, त्यामुळे ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा कडक लागत असेल तर ती पिकअप माल भरून रोडवर काढायची नाही, आधी पंप बदलायचा.