पाणी 20 मिनिटे उकळायची गरज नाही

पिण्याचे पाणी 20 मिनिटे उकळले तरच निर्जंतुक होते, हा जुना समज चुकीचा आहे. रोगजंतू 100 अंशांची वाट पाहत बसत नाहीत. 70 अंशांच्या वर बहुतेक रोगकारक जीवाणू, विषाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी झपाट्याने मरतात. खळखळून उकळी आली की 1 मिनिट पुरे. 2000 मीटरहून उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळते, म्हणून तिथे 3 मिनिटे. गढूळ पाणी आधी निवळू द्या, वरचे कापडातून गाळा.

जास्त उकळून नायट्रेट, आर्सेनिक यांसारखी पाण्यात विरघळलेली रसायने जात नाहीत; पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण उलट वाढते. खरा घोटाळा होतो तो नंतर, गार झालेल्या पाण्यात हातासकट पेला बुडवला की. भांडे झाकून ठेवा, पाणी तोटीनेच काढा.