पुरात बुडण्याची तयारी असलेला सायकलपूल

कोल्हापूर शहरातून वाहत पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्यावर केवळ पादचारी आणि सायकलस्वारांसाठी पूल बांधायचा झाला, तर सर्वांत अवघड प्रश्न त्याच्या मजबुतीचा नसेल, उंचीचा असेल. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. अशा वेळी नाल्याचे पाणी नदीत उतरत नाही, उलट नदीचा फुगवटा नाल्यात शिरतो आणि दसरा चौक, शाहूपुरीपर्यंतचा भाग पाण्याखाली जातो.

मग पूल महापुराच्या पातळीवरच का नेऊ नये? समजा, त्यासाठी काठापासून ४ मीटर चढावे लागले. सायकलसह ८० किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने १२ मीटरला १ मीटर अशा चढावर गेला, तर केवळ उंची गाठण्यासाठी त्याला सुमारे १८० वॅट शक्ती लागते, आणि रोज कामावर जाणाऱ्या सामान्य माणसाला एवढा जोर फार वेळ लावता येत नाही. चढ २५ मीटरला १ मीटर ठेवला तर ही गरज ८७ वॅटवर येते, पण चढ-उताराचा रस्ता प्रत्येक काठावर १०० मीटर लांब होतो. नाल्यालगतच्या दाट वस्तीत एवढी जागा नाही; जागेअभावी चढ तीव्र केला, की सायकली पुन्हा जुन्याच रस्त्याने जाऊ लागतील.

माझ्या मते पूल नेहमीच्या पावसाळी पाण्याच्या वर ठेवावा आणि महापुरात तो काही दिवस बुडेल हे आराखड्यातच मान्य करावे. कोल्हापूरकरांना यात नवे काही नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढले जातात, एरवी त्यांच्यावरून गावोगावची वाहतूक चालते आणि पूर आला की ते पाण्याखाली जातात.

बुडणाऱ्या पुलाची रचना मात्र वेगळी करावी लागते. फुगवट्याच्या पाण्याला वेग कमी असतो, त्यामुळे त्याच्या आडव्या धक्क्यापेक्षा उत्प्लावक बलाची, म्हणजे पाण्याच्या वर उचलणाऱ्या जोराची, काळजी अधिक. बंदिस्त पोकळ पोलादी तुळईत १० घनमीटर हवा अडकली, तर पाणी तिला सुमारे १० टन बळाने वर उचलते. म्हणून तुळया उघड्या जाळीच्या असाव्यात, पूल आधारांना घट्ट जखडलेला असावा आणि जलपर्णी व प्लास्टिक अडकू नये यासाठी कठड्याच्या पट्ट्या पुरापूर्वी काढून ठेवता याव्यात. या तुळया पुलाच्या तळाखाली न ठेवता दोन्ही बाजूंना उभ्या केल्या, तर आणखी एक फायदा होतो: तळाची जाडी ३० सेंटिमीटरने घटली, की २५ मीटरला १ मीटर या हिशेबाने प्रत्येक काठावरचा चढ साडेसात मीटरने आखूड होतो.

भाराच्या बाबतीत पादचारी पूल हलका असतो, हा समज चुकीचा आहे. शहरातील आणि यात्रास्थळांजवळील पुलांसाठी इंडियन रोड काँग्रेसच्या मानकांत दर चौरस मीटरला ५०० किलो गर्दीचा भार धरलेला आहे. ३० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पुलावर तो ६० टन होतो, आणि नवरात्रातली अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी पाहिलेल्याला तो अवास्तव वाटणार नाही.

याहून नाजूक गोष्ट कंपनांची. माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. एक डावे, एक उजवे, त्यामुळे आडवा धक्का सेकंदाला एकदा आलटून पालटून बसतो. पुलाची नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे धक्का बसल्यावर तो आपोआप सेकंदाला जितके हेलकावे घेतो ती संख्या, याच्या जवळ आली तर तो डोलू लागतो. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि त्याच दिवशी आडवा हलू लागला. लोक तोल सावरण्यासाठी नकळत त्याच्या तालात चालू लागले आणि डोलणे वाढत गेले. कंपनशामक बसवून तो २००२ मध्ये पुन्हा खुला करावा लागला. तुळईचा आकार तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर वारंवारिता एक चतुर्थांश होते. नाल्याची रुंदी कमी असल्यामुळे इथे हा प्रश्न आवाक्यात राहतो. तरीही आडवा ताठपणा मोजूनच ठरवायला हवा.

शेवटी सांध्यांचा विचार. तापमानात ३० अंशांचा फरक पडला, की ३० मीटर पोलाद सुमारे ११ मिलिमीटर लांबते किंवा आखडते, आणि तेवढी फट पुलाच्या टोकाला ठेवावीच लागते. ही फट सायकलच्या वाटेला काटकोनात असावी. तिरपी असली तर अरुंद टायर तिच्यात अडकू शकतो.