मल्टिपल मायलोमा : लोकसमूहांनुसार प्रमाण

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे. प्रतिपिंडे तयार करणे हे या पेशींचे काम. त्यांच्यातील एकाच पेशीचे कुळ बेसुमार वाढले, की रक्तात एकाच छापाचे प्रथिन साचू लागते, हाडे पोखरली जातात, मूत्रपिंडे निकामी होतात आणि रक्तक्षय होतो. एकूण कर्करोगांत याचा वाटा सुमारे १ टक्का आणि रक्ताच्या कर्करोगांत सुमारे १० टक्के असून २०२० साली जगभरात अंदाजे १,७६,००० नव्या रुग्णांत त्याचे निदान झाले. वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत याचे प्रमाण इतके वेगळे आहे, की कोणत्याही प्रदेशाच्या आकड्यांतून काही निष्कर्ष काढण्यापूर्वी तेथे राहणारे लोक कोण, किती वयाचे आणि कितपत तपासले गेलेले, हे पाहावे लागते.

या फरकाची सर्वांत तपशीलवार नोंद अमेरिकेत झालेली आहे. तेथे आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत दर लाखामागे वर्षाला सुमारे १६ ते १७ नवे रुग्ण आढळतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हा दर सुमारे ८, तर आशियाई वंशाच्या पुरुषांत सुमारे ५ आहे. स्त्रियांतील दर प्रत्येक गटात पुरुषांपेक्षा कमी असले, तरी गटांचा क्रम तोच राहतो. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत निदानही काही वर्षे आधी होते. इंग्लंडमध्येही आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांतील प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे.

हा फरक केवळ तपासण्या कमीअधिक होण्यामुळे दिसतो का, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मायलोमाच्या आधीच्या एका लक्षणरहित अवस्थेने दिले. एमजीयूएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेत रक्तात ते एकछापी प्रथिन थोड्या प्रमाणात असते, पण माणूस ठणठणीत असतो; अशा लोकांपैकी दरवर्षी सुमारे १ टक्का लोकांत पुढे मायलोमा किंवा त्यासारखा आजार होतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यात, जेथे वस्ती प्रामुख्याने युरोपीय वंशाची आहे, पन्नाशी ओलांडलेल्या सर्वसामान्य रहिवाशांचे रक्त तपासले असता ३.२ टक्के लोकांत ही अवस्था आढळली. पुढे घानामधील ५० ते ७४ वयाच्या पुरुषांची अशीच तपासणी झाली, तेव्हा तेथील प्रमाण सुमारे ५.८ टक्के, म्हणजे ओल्मस्टेडच्या त्याच वयाच्या पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. या लोकांना कुणी आजारी म्हणून शोधून आणले नव्हते, त्यामुळे दवाखाना जवळ की लांब याचा येथे संबंध उरत नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींतून तर असे दिसले, की एमजीयूएसपासून मायलोमाकडे जाण्याचा वेग आफ्रिकी आणि युरोपीय अशा दोन्ही वंशांत साधारण सारखाच असतो. तेव्हा मुख्य फरक पडतो तो पहिल्या पायरीवर. तो आनुवंशिक किती आणि राहणीमानाचा किती, याचा उलगडा अजून झालेला नाही. मात्र रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत धोका दुपटीहून अधिक असतो आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या आशियाई वंशाच्या लोकांतही प्रमाण कमीच राहते, यावरून आनुवंशिकतेचा वाटा लहान नसावा.

भारतात वयसमायोजित दर, म्हणजे लोकसंख्येतील वयांचा फरक बाजूला ठेवण्यासाठी ठरावीक वयोरचनेच्या मापाने काढलेला दर, लाखामागे १ च्या आसपास मानला जातो. अमेरिकेचा एकंदर दर ७ च्या आसपास सांगितला जातो, आणि मग भारतात हा आजार सातपट कमी आहे असे वाक्य सर्रास लिहिले जाते. ते चुकीचे आहे. अमेरिकेचा तो दर त्या देशाच्या २००० सालच्या, वयाने प्रौढ लोकसंख्येच्या मापाने काढलेला असतो. भारताचा दर काढताना जागतिक प्रमाणित लोकसंख्या घेतात आणि तिच्यात तरुणांचा भरणा मोठा असतो. मायलोमा हा उतारवयाचा आजार असल्याने हे माप बदलताच उत्तर बदलते, आणि एकाच मापाने मोजल्यास अमेरिकेचा दर ५ च्या आसपास येतो. निदानाच्या वयाबाबतही असाच घोटाळा होतो. अमेरिकेत निदानाचे मध्यम वय (निम्मे रुग्ण ज्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे असतात ते) ६९ आहे, तर भारतीय रुग्णालयांतील रुग्ण साधारणपणे पंचावन्न ते साठच्या दरम्यान असतात. त्यातून भारतीयांना हा आजार लवकर होतो असे सिद्ध होत नाही, कारण २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचे प्रमाण भारतात ८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के एवढेच होते. सत्तरीची माणसेच कमी असतील, तर सत्तरीचे रुग्ण कोठून येणार?

याच जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ भरली. लाखामागे १ हा दर धरला, तर जिल्ह्यात वर्षाला ३८-३९ नवे रुग्ण असा ढोबळ हिशेब निघतो, म्हणजे बारा तालुक्यांत मिळून महिन्याला तीन. एवढ्या विरळ आजाराची शंका डॉक्टरच्या मनात चटकन येत नाही. करवीर किंवा शिरोळ तालुक्यातील पासष्टीच्या ऊसकरी शेतकऱ्याची कंबर धरली, की ‘मणक्यात गॅप आहे’ हेच पहिले निदान असते. आयुष्यभर उसाच्या मोळ्या वाहिलेल्या पाठीच्या दुखण्याला वेगळे कारण शोधावे असे घरच्यांनाही वाटत नाही. पट्टा आणि गोळ्या सुरू होतात. पुढे रक्त तपासले, तर ईएसआर (तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग) शंभराच्या वर निघतो, कारण जादा प्रथिनामुळे तांबड्या पेशी भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचल्या जाऊन नळीत भराभर खाली बसतात. वाढलेला ईएसआर आणि खचलेला मणका एकत्र दिसले, की आपल्याकडे आधी क्षयाचा संशय येतो. उलगडा होतो तो सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या, रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने पट्टीवर वेगळी करणाऱ्या तपासणीत : निरोगी माणसाच्या पट्टीवर प्रतिपिंडांच्या जागी धूसर, पसरट छटा दिसते, तर मायलोमाच्या रुग्णात त्याच जागी पेनाने ओढल्यासारखी एकच ठळक रेघ उमटते. ही तपासणी होण्याआधीच मूत्रपिंडे गेलेला रुग्ण डायलिसिसवर दगावला, तर त्याचा मृत्यू किडनीच्या खात्यावर लिहिला जातो आणि कर्करोगाच्या आकड्यांत तो येतच नाही. भारतातील कमी दराचा काही भाग अशा सुटलेल्या रुग्णांचा आहे, असे मानणे भाग आहे.

नोंदणीची रीतही लक्षात घ्यावी लागते. लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी देशात प्रथम १९६३ साली मुंबईत सुरू झाली आणि ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. अशा नोंदणीत रुग्ण उपचार कोठे घेतो यापेक्षा तो राहतो कोठे हे पाहतात. त्यामुळे कोल्हापूरहून मुंबईला उपचारासाठी गेलेला माणूस तेथील रुग्णालयाच्या यादीत येतो, पण मुंबईच्या दरात धरला जात नाही. रुग्णालयाच्या यादीवरून एखाद्या जातीत किंवा जिल्ह्यात हा आजार जास्त आहे असे म्हणणे म्हणूनच फोल ठरते.

वंशाखेरीज वाढते वय, पुरुष असणे आणि लठ्ठपणा यांचा मायलोमाशी संबंध सिद्ध झालेला आहे. शेतीव्यवसायाचेही नाव यात वारंवार येते. अमेरिकेत कीटकनाशके फवारणाऱ्या पुरुषांत एमजीयूएसचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट आढळले होते. पंचगंगेकाठच्या शेतीत पाठीवर पंप बांधून, बहुधा मास्क-हातमोज्यांवाचून होणारी फवारणी पाहता हा प्रश्न येथेही विचारण्याजोगा आहे, मात्र अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा येथे लावता येणार नाही.

नवे रुग्ण किती आणि आजारासह जगणारे किती, हे दोन आकडे वेगळे ठेवले पाहिजेत. बोर्टेझोमिब हे औषध २००३ साली आणि लेनालिडोमाइड हे औषध २००६ साली अमेरिकेत या आजारासाठी मान्य झाले, आणि पुढे भारतात त्यांच्या स्वस्त आवृत्त्या मिळू लागल्या. रुग्ण आता पूर्वीपेक्षा बरीच अधिक वर्षे जगतात. त्यामुळे नव्या रुग्णांचा दर जराही न वाढता जिल्ह्यातील एकूण रुग्णसंख्या वाढू शकते. अमेरिकेत उपचार समान मिळाले, तर आफ्रिकी वंशाचे रुग्ण इतरांइतकेच, काही पाहण्यांत तर त्यांच्याहून अधिक काळ जगतात, असेही दिसून आले आहे.