ऑगस्टा प्रकरण (बेल्जियम)

बेल्जियमच्या लष्करासाठी इटलीच्या ऑगस्टा कंपनीकडून १९८८ मध्ये झालेल्या हेलिकॉप्टर खरेदीतील लाचखोरीचे प्रकरण. यात अनेक मंत्र्यांना आणि थेट नाटोच्या सरचिटणीसांना पायउतार व्हावे लागले. भारतात ‘ऑगस्टा’ म्हटले की अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीची १२ हेलिकॉप्टरे आणि जानेवारी २०१४ मध्ये रद्द झालेला करार आठवतो. तो करार करणारी कंपनी याच इटालियन ऑगस्टाची वारस होती. प्रकरणे मात्र दोन, आणि बेल्जियमचे कितीतरी आधीचे.

लाच उघडकीस आली ती एका खुनाच्या तपासातून. १८ जुलै १९९१ च्या सकाळी लिएज शहरात फ्रेंचभाषकांच्या समाजवादी पक्षाचे बडे नेते, माजी उपपंतप्रधान आंद्रे कूल्स आपल्या गाडीकडे निघाले असताना इमारतीच्या वाहनतळावरच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सोबतची त्यांची मैत्रीण जखमी झाली. मारेकरी लवकर सापडेनात. खुनामागचे कारण शोधत तपास न्यायाधीश वेरोनिक आंसिया पक्षाच्या पैशापर्यंत आल्या, आणि तिथे हेलिकॉप्टरांची फाइल उघडली.

लष्कराला ४६ हलकी हेलिकॉप्टरे हवी होती : २८ रणगाडाविरोधी, १८ टेहळणीची. फ्रेंच आणि जर्मन कंपन्याही स्पर्धेत होत्या. निवड ऑगस्टाच्या ए-१०९ ची झाली. बेल्जियममध्ये अशा खरेदीत यंत्र किती चांगले एवढेच पाहत नसत. विकणाऱ्याने त्या बदल्यात देशात किती काम द्यायचे, आणि त्यातले डचभाषक फ्लँडर्सला किती, फ्रेंचभाषक वालोनियाला किती, याचाही हिशेब मांडला जाई. ए-१०९ ची जुळणी वालोनियातील गोस्लीच्या कारखान्यात झाली. उड्डाणाची क्षमता मोजता येते. कामाची आश्वासने मात्र कागदावर कमीजास्त करता येतात. दलालाला शिरकाव मिळतो तो इथेच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कंत्राट सुमारे १२ अब्ज फ्रँकचे होते, आणि फ्लेमिश म्हणजे फ्लँडर्सच्या समाजवादी पक्षाला त्यातून पोचलेली रक्कम ५ कोटींच्या आसपास, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. एफ-१६ विमानांच्या इलेक्ट्रॉनिक संरक्षण यंत्रणेच्या कंत्राटासाठी फ्रान्सच्या दसॉ कंपनीनेही पैसे दिल्याचे पुढे निघाले.

जानेवारी १९९४ मध्ये गी कोएम, गी स्पिटाल्स आणि गी मातो या तिघा फ्रेंचभाषक समाजवादी मंत्र्यांनी राजीनामे दिले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘तीन गी’ म्हटले. खरेदीच्या वेळी कोएम संरक्षणमंत्री होते. मार्च १९९५ मध्ये परराष्ट्रमंत्री फ्रांक वांदेनब्रुक गेले. १९९१ मध्ये फ्लेमिश समाजवादी पक्षाचे अध्यक्ष असताना तिजोरीतील काळ्या पैशाची माहिती मिळाल्यावर आपण तो जाळून टाकायला सांगितले होते, अशी कबुली त्यांनी दिली. त्याच महिन्यात हवाई दलाचे एक माजी प्रमुख ब्रुसेल्समधील हॉटेलच्या खोलीत मृत आढळले. त्यांनी आत्महत्या केली होती. खरेदीच्या काळातले अर्थव्यवहारमंत्री विली क्लास तोवर नाटोचे सरचिटणीस झाले होते. २० ऑक्टोबर १९९५ रोजी त्यांनीही पद सोडले.

मंत्र्यांवरील खटला त्या वेळच्या नियमानुसार थेट सर्वोच्च न्यायालयात चालला. २३ डिसेंबर १९९८ च्या निकालात क्लास यांना तीन वर्षांची, तर कोएम, स्पिटाल्स आणि उद्योगपती सर्ज दसॉ यांना प्रत्येकी दोन वर्षांची कैद झाली. सर्वांच्या शिक्षा स्थगित ठेवल्यामुळे तुरुंगात कोणीच गेले नाही.

खुनाचा धागा मात्र हेलिकॉप्टरांशी जुळला नाही. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना ट्युनिशियात शिक्षा झाली. २००४ मध्ये लिएजच्या ज्यूरीने आणखी सहा जणांना दोषी ठरवले. कूल्स यांचेच एकेकाळचे शिष्य आणि माजी मंत्री आलँ व्हान देर बीस्ट यांच्या गोटातील माणसे त्यात होती. स्वतः व्हान देर बीस्ट यांनी २००२ मध्येच आत्महत्या केली होती. एका दोषीने स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. त्याच्याविषयी ज्यूरीसमोर चार प्रश्न होते आणि चारही प्रश्नांना नुसते ‘होय’ एवढेच उत्तर होते. दोष का ठरला हे त्याला कुठेच सांगितले गेले नाही, म्हणून खटला न्याय्य झाला नाही, असा निर्णय त्या न्यायालयाच्या मोठ्या पीठाने नोव्हेंबर २०१० मध्ये दिला.