डावात खरा बावटाही हवा

गणपतीची सुट्टी संपल्यावर देवगड तालुक्यातल्या एका शाळेत सातवीच्या मुलांपुढे मी पत्त्यांचा डाव मांडला. वहीच्या पुठ्ठ्याचे पत्ते, प्रत्येकावर मोबाइलवर येतो तसा एक मेसेज. वाचायचा आणि 'खरा' किंवा 'खोटा' ढिगात टाकायचा. वडील बोटीवर खलाशी असलेल्या एका मुलीने 'वारा ताशी 60 किलोमीटरपर्यंत जाईल, समुद्रात जाऊ नका' हा पत्ता बेधडक खोट्यात टाकला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाई, घाबरवतत म्हणजे खोटाच असतला मां?"

पत्ता हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून उतरवलेला होता. आणि घाबरवणाऱ्या मेसेजवर संशय घ्या, हे मीच त्यांना आदल्या आठवड्यात सांगितलं होतं.

अफवा ओळखायला शिकवणाऱ्या अशा खेळांमागची कल्पना जुनी आहे. कोरियन युद्धानंतर 21 अमेरिकी युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला, तेव्हा मन वळवलं जातं कसं आणि ते रोखायचं कसं, यावर अमेरिकेत बराच खल झाला. मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लसीचं उदाहरण घेतलं. फसव्या युक्तिवादाची सौम्य मात्रा आधीच द्यायची, तो कुठे लंगडा आहे तेही दाखवायचं, म्हणजे पुढचा मोठा हल्ला मन परतवून लावतं. प्रयोगासाठी त्यांनी घेतलेले विषय साधे होते. जेवणानंतर दात घासावेत, यासारखे.

खेळ आला तो पुष्कळ नंतर. केंब्रिज विद्यापीठातल्या यॉन रोझेनबीक आणि सँडर व्हॅन डर लिंडेन यांनी आधी नेदरलँड्समधल्या 95 विद्यार्थ्यांना कागदावरचा खेळ दिला. मुलांनी खोटी बातमी ओळखायची नव्हती, रचायची होती. 2018 मध्ये याच विचारातून 'बॅड न्यूज' हा ऑनलाइन खेळ आला. खेळणारा अफवा पिकवणाऱ्याच्या भूमिकेत शिरतो. दुसऱ्याचं सोंग घेणं, भावना भडकवणं, माणसामाणसांत फूट पाडणं, कटाच्या कहाण्या रचणं असे डाव वापरून अनुयायी वाढवतो. साधारण पंधरा मिनिटांत खेळ संपतो.

आपल्याकडे हे तत्त्व वेगळ्या वाटेने आधीच आलं होतं, आणि त्याची आठवण फार कमी ठेवली जाते. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली, तेव्हा स्मार्टफोन नव्हते; ती साध्या फोनवरून आणि तोंडोतोंडी धावली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्यामागचा पृष्ठताण समजावत होते. नारळातून करणी काढून दाखवायची आणि मग युक्ती उघड करायची, हे तर त्यांचं नेहमीचं काम. ती युक्ती ज्या पोराने एकदा स्वतःच्या हाताने केली, त्याच्यापुढे भोंदूबाबाची डाळ शिजत नाही. मॅग्वायरचं नावही न ऐकलेल्या गावांत ही लस टोचली गेली.

मोबाइल आला आणि कंडी पिकायचा वेग बदलला. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपुढे फॉरवर्ड जाणार नाही, अशी मर्यादा आणायचं ठरवलं. पण एप्रिल 2020 मध्ये चोर फिरत असल्याच्या अफवांनी पेटलेल्या वातावरणात, आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला पुन्हा तीन जीव गेले. त्यानंतर मुलांना हे शिकवणं मला टाळता येईना.

मात्र खेळाने सगळं साधतं असं नाही. 'बॅड न्यूज'च्या धर्तीवरच्या खेळाची उत्तर भारतात चाचणी घेतली, तिथे खोट्या बातम्या ओळखण्यात खेळणाऱ्यांत आणि न खेळणाऱ्यांत फरक दिसला नाही. परदेशातल्या खेळांचे निष्कर्ष पुन्हा तपासणाऱ्या संशोधकांनी 2023 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: खेळणारे खरं-खोटं अधिक नीट निवडतात असं नाही, ते सरसकट सगळ्यावरच शंका घेऊ लागतात. खऱ्या बातमीवरही.

शहरात हे कदाचित चालून जाईल, किनाऱ्यावर नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडला धडकलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अशा वेळी बंदरावर धोक्याचा नंबरी बावटा लागतो. तो इशारा खोटा समजणं म्हणजे होडी गमावणं, आणि होडीबरोबर माणूस.

म्हणून आता माझ्या पत्त्यांत अर्धे मेसेज खरे असतात आणि जमिनीवर तिसरा ढीग असतो: 'विचारून बघू'. त्यात पत्ता टाकणाऱ्याने कुणाला आणि काय विचारणार ते मोठ्याने सांगायचं. परवा तो वाऱ्याचा पत्ता परत त्याच मुलीच्या हातात आला. तिने तो थोडा वेळ हातातच धरून ठेवला, मग तिसऱ्या ढिगात टाकला.

"पयला बंदरार जावन बघूचा," ती म्हणाली. "तीन नंबरचो बावटो लागलो हा काय?"