चारशेची सहाशेचाळीस होत नाही

ताडोबाचं बुकिंग झालं की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच: "मिररलेस कॅमेरा घ्यायचाय, क्रॉप सेन्सरचा घेऊ की फुल फ्रेम?" त्यावर कोणीतरी जाणकार लगेच सांगतो, "प्राणी-पक्षी काढायचेत ना, मग क्रॉपच. चारशे मिलिमीटरची लेन्स फुकटात सहाशेचाळीसची होते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सांगणाऱ्याच्या लेन्सला टेप लावून मोजून दाखवावीशी वाटते.

फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर (कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणारी चिप). क्रॉप त्याहून लहान: कॅननमध्ये १.६ पट, निकॉन आणि सोनीमध्ये १.५ पट. चारशेला या १.६ ने गुणलं की ते सहाशेचाळीस येतं. मेनू, बॅटरी, कार्डचे खाचे हे सगळं मॉडेलप्रमाणे बदलतं, त्याचा सेन्सरच्या आकाराशी संबंध नाही. ते दुकानात बघून घ्या.

आता खरा घोळ. वीस मीटरवर फांदीला छोटा खंड्या बसलाय, चोचीपासून शेपटीपर्यंत १७ सेंटिमीटर. ४०० मिलिमीटरची लेन्स सेन्सरवर त्याची ३.४ मिलिमीटरची प्रतिमा पाडते. फुल फ्रेमवर ३.४, क्रॉपवरही ३.४. लहान सेन्सर फक्त आजूबाजूची पानं आणि आभाळ छाटतो. घरी लॅपटॉपवर तुम्ही जी कात्री चालवणार, ती कॅमेऱ्याने तिथेच चालवली, एवढंच. सहाशेचाळीस हा आकडा चौकटीत किती मावतं ते सांगतो; पक्षी किती मोठा उमटला ते सांगत नाही.

मग क्रॉपवाल्यांच्या फोटोत पिसं जास्त सुटी का दिसतात? कारण त्या ३.४ मिलिमीटरवर पिक्सेल किती बसलेत, त्यावर सगळं अवलंबून आहे. कॅनन आर७ (क्रॉप, ३२.५ मेगापिक्सेल) खंड्याच्या लांबीला साधारण १०६० पिक्सेल देतो. आर६ मार्क टू (फुल फ्रेम, २४.२ मेगापिक्सेल) ५६५ च्या आसपास. हा फरक मोठा आहे आणि खराही आहे, पण तो १.६ मुळे आलेला नाही. आर५ सुद्धा फुल फ्रेमच, पण ४५ मेगापिक्सेलचा. तो ७७५ पर्यंत जातो. सोनीचं उदाहरण तर अजून स्वच्छ: ए७आर फाइव्ह फुल फ्रेम आहे, ६१ मेगापिक्सेलचा. त्याच्या चित्रातून क्रॉपएवढा तुकडा काढला तर २६ मेगापिक्सेल उरतात, आणि क्रॉपवाला ए६७०० सुद्धा २६ मेगापिक्सेलचाच. खंड्या दोन्हींत तेवढाच. मग कुठे गेली ती फुकटची लेन्स?

तेव्हा क्रॉप की फुल फ्रेम हे विचारण्याआधी एका मिलिमीटरवर किती पिक्सेल आहेत ते विचारा. बॉक्सवर हा आकडा नसतो. चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये घ्या, तिला सेन्सरच्या मिलिमीटरमधल्या रुंदीने भागा. शाळेतला भागाकार आहे.

तो हिशेबही कागदावरचा, हेही सांगतो. बारीक पिक्सेल हाताचं थरथरणं, लेन्सचा मऊपणा आणि मिटलेलं अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) यांना माफ करत नाहीत. एफ ८ च्या, म्हणजे लहान भोकाच्या, लेन्सवर आर७ दुप्पट तपशील देईल या आशेवर राहू नका. भिगवणला सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा तापून हलायला लागली की रोहित पक्षी कुठल्याही सेन्सरवर विरघळलेलेच येतात.

दुसरा गैरसमज उजेडाचा. "फुल फ्रेम अंधारात चांगला" हे अर्धं खरं आहे, आणि राहिलेलं अर्धं कोणी सांगत नाही. मोठ्या सेन्सरचा फायदा तुम्ही तो पूर्ण भरलात तरच मिळतो. दूरचा पक्षी काढून नंतर छाटलात, तर पक्ष्याच्या वाट्याला आलेला उजेड दोन्हीकडे सारखाच असतो आणि नॉइजही (फोटोतले दाणे) जवळजवळ सारखा. सिंहगडाच्या दरीत सावलीत उड्या मारणारा नाचण पक्षी टिपायला महागडा फुल फ्रेम घेतलेल्यांची मला खरंच दया येते.

वाघाचं गणित उलटं. तीस मीटरवर ४०० मिलिमीटरला फुल फ्रेममध्ये २.७ मीटर रुंदी मावते, क्रॉपमध्ये १.७. जिप्सीसमोर वाघ आडवा उभा राहिला की क्रॉपवाल्याला झूम मागे घ्यावा लागतो, नाहीतर शेपटी गेली. फुल फ्रेमवाला चौकट भरून काढतो, आणि पहाटेच्या त्या पहिल्या अर्ध्या तासात, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ला, मोठा सेन्सर सव्वा स्टॉपहून थोडा जास्तच फायदा देतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ताडोबा हेच मुख्य ठिकाण असेल तर मी डोळे झाकून फुल फ्रेम म्हणेन. पक्षी, त्यातही लहान पक्षी, म्हणाल तर दाट पिक्सेलवाला क्रॉप.

आर७ घेणार असाल तर एक खोट माहीत असू द्या: इलेक्ट्रॉनिक शटरवर (पडदा न हलवता फोटो घेताना) त्याचा सेन्सर सावकाश वाचला जातो, आणि उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. मेकॅनिकल शटर सेकंदाला १५ फोटो देतं. तेवढे पुरेत. वीस हजार फोटो घरी आणून निवडणार कोण?

प्रवासाला "क्रॉप हलका" असंही सांगतात. बॅटरी आणि कार्डासकट आर७ ६१२ ग्रॅम, आर६ मार्क टू ६७० ग्रॅम. फरक ५८ ग्रॅमचा, म्हणजे एका अंड्याएवढा. वजन असतं लेन्सला. आर७, १८-१५० मिलिमीटरची लेन्स (३१० ग्रॅम) आणि १००-४०० ची (६३५ ग्रॅम) मिळून जेमतेम १.५६ किलो, यात देवळाचा गाभारा, बाजार आणि बगळा सगळं निघतं. आर६ मार्क टूवर २४-१०५ एफ ४ आणि १००-५०० चढवलात तर पावणेतीन किलो. विमानात केबिन बॅगेला ७ किलोची मर्यादा असते, आणि अजून चार्जर, दुर्बीण नि कपडे भरायचे आहेत.

तीच १००-४०० फुल फ्रेमवरही चालते, हे मात्र विसरू नका. १८-१५० चं तसं नाही: ती क्रॉपसाठीच बनवलेली आहे, फुल फ्रेमवर लावलीत तर कॅमेरा आपोआप क्रॉपमध्ये जातो आणि आर६ मार्क टूच्या २४ मेगापिक्सेलचे नऊच्या आसपास उरतात. म्हणून "आधी क्रॉप घेतो, पुढे फुल फ्रेमवर जाईन" असं ठरवलं असेल, तर पैसे १००-४०० मध्ये घाला आणि १८-१५० बॉडीबरोबर किटमध्ये स्वस्तात मिळाली तरच घ्या.