छंदातील जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट

रिमोटवर चालणारी विमाने, ड्रोन व मोटारी यांतील वापरून जुन्या झालेल्या रिचार्जेबल बॅटऱ्यांचा उरलेला विद्युतभार उतरवून त्या संकलन केंद्राकडे सोपवण्याची ही प्रक्रिया आहे. हिचा मुख्य विषय लिथियम-पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटरी. तिच्या एका सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) पूर्ण चार्ज असता ४.२ व्होल्ट असतो. वापरताना तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देत नाहीत. टाकून द्यायच्या बॅटरीत मात्र तो शून्यापर्यंत उतरवणे हाच हेतू असतो.

सेलमधील विद्युतद्रावणाचे विघटन होऊन वायू साचला की बॅटरी उशीसारखी फुगते. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि टोचून हवा काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे टिनाच्या छपराखालची खोली किंवा उन्हात उभी केलेली गाडी ही तिला ठेवण्याची जागा नव्हे.

भार उतरवण्याचा साधा व खात्रीचा मार्ग म्हणजे वाहनाचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब. तीन सेलची, २२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २४ वॅट-तास ऊर्जा साठवते, म्हणजे पूर्ण भरलेली असल्यास बल्ब तासाभराहून थोडा अधिक वेळ उजळ राहतो. बॅटरी कोरड्या वाळूने भरलेल्या मातीच्या कुंडीत, घराबाहेर, सकाळच्या गारव्यात ठेवावी आणि ती गरम होऊ लागल्यास जोडणी लगेच काढावी. बल्बमधली तार पिवळी, मग लालसर होऊन विझते. पण तेवढ्यावर काम संपत नाही, कारण बल्ब काढताच दाब पुन्हा वर चढतो. म्हणून विझलेला बल्बही काही तास तसाच जोडून ठेवतात आणि शेवटी मल्टिमीटरने दाब तपासतात. त्यानंतर बॅटरीच्या तारा एकेक करून कापाव्यात, कारण दोन्ही एकदम कापल्यास कात्रीच्या पात्यातूनच शॉर्ट सर्किट होते. कापलेल्या प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावावी.

बॅटरी मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय लोकप्रिय असला तरी भरवशाचा नाही : टोके गंजून प्रवाह खंडित होतो आणि आत भार शिल्लक राहतो. निकेल-कॅडमियम सेलला आगीची भीती कमी, पण कॅडमियम विषारी असल्याने तोही कचऱ्यात जाता कामा नये.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली व वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ग्राहकानेही त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवायच्या आहेत. घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर गेलेली भरलेली लायपो दाबली जाऊन वाटेतच पेटू शकते, आणि तशीच पुढे नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोला पोहोचली तर जेथे उन्हाळ्यात एरवीही आगी लागतात त्या ढिगात जाऊन पडते.